तेल बंद झाल्यावर पेशींचे काय होते?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५२ आहे. तीन महिन्यांपूर्वी रक्ततपासणीत त्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट म्हणवले जाणारे, कोलेस्टेरॉल १६८ आले. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि तेलतूप कमी करा असे सांगितले. यजमानांनी गोळी आणली, पण तेलतूप कमी न करता सरळ बंद केले, आणि एकासाठी वेगळा स्वयंपाक जमत नाही म्हणून ते घरातल्या चौघांचेही बंद झाले. भाजी उकडलेली, आमटी बिनफोडणीची, दाण्याचे कूट नाही, खोबरे नाही. सकाळच्या चहाबरोबर दोन खारी मात्र ते घेतात, कारण खारी कोरडी असते. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना कोरडी भाकरी गिळवत नाही आणि तुपाशिवाय सांधे कुरकुरतात अशी त्यांची तक्रार आहे. मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. महिनाभर तिचे केस गळत आहेत. परवा जेवताना ती म्हणाली, “बाबा, पेशीची भिंतच मेदाची असते. आपण मेद खाल्लाच नाही, तर नव्या पेशी कशाच्या होणार?” यजमान म्हणाले, “शरीर बनवून घेते.” खरे कोणाचे? आम्ही शाकाहारी आहोत. साजूक तुपाची बरणी फडताळात तशीच पडून आहे, तिचे काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. बापलेकीच्या या वादात दोघेही अर्धे अर्धे बरोबर आहेत, आणि कोणाचा कोणता अर्धा बरोबर हे एकदा कळले की तुमच्या स्वयंपाकघराचा प्रश्न बराचसा सुटतो. आधी मुलीचा मुद्दा घेतो, कारण तो मुळाशी जाणारा आहे. तिला माझ्या वतीने एवढीच दुरुस्ती सांगा की भिंत, म्हणजे पेशीभित्तिका, वनस्पतींना असते. आपल्या पेशींना असते ते प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा. अकरावीच्या परीक्षेत या एका शब्दाला गुण जातात म्हणून सांगतो, एरवी तिचे म्हणणे चोख आहे.

हे पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे असते. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी जवळजवळ २० हजार पटले एकावर एक मावतील. ते ज्या रेणूंचे बनते त्यांना फॉस्फोलिपिड म्हणतात, आणि या रेणूंचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. प्रत्येकाला एक डोके असते, ज्याला पाणी आवडते, आणि दोन लांब शेपट्या असतात, ज्या पाण्यापासून दूर पळतात. या शेपट्या म्हणजेच मेदाम्ले. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले, की कोणी न सांगता ते दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी असताना या दोन पाण्यांची सरमिसळ होऊ न देणारी सीमा तेलकट पदार्थाचीच असू शकते, हे आमटीवर तरंगणारा तवंग पाहिलेल्या कोणालाही पटावे.

पटल दुपदरी आहे हे १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी दाखवले. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद विद्रावकाने काढून घेतला, पाण्याच्या पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरले, म्हणजे पदर दोन. गंमत अशी की या मोजणीत दोन चुका होत्या. मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना फेडून टाकले आणि उत्तर बरोबर आले. असे भाग्य माझ्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला मी तरी कधी आलेले पाहिले नाही.

हे पटल रंगवलेल्या भिंतीसारखे स्थिर नसते, ते वाहते. एखादा मेदरेणू आपल्या पदरात एका सेकंदात सुमारे २ मायक्रोमीटर सरकत जातो, मात्र एका पदरातून दुसऱ्या पदरात आपणहून उलटी मारायला त्याला कित्येक तास, कधी कधी दिवसही लागतात. या वाहत्या मेदात प्रथिने तरंगत असतात, असे चित्र १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडले आणि ते आजही बहुतांशी टिकून आहे. आपली तांबडी पेशी तिच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात स्वतःपेक्षा अरुंद वाटांतून अंग चोरून अक्षरशः लाखो वेळा जाते, ती या लवचीकपणामुळेच.

पटल किती पातळ राहणार हे शेपट्यांवर ठरते, आणि ते समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे साताऱ्यात खोबरेलाची बाटली पांढरी होऊन गोठलेली असते, आणि शेजारचे करडईचे तेल मात्र धार धरून वाहत असते. खोबरेलातली बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे सरळ काड्यांसारखी. ती पेटीतल्या आगकाड्यांप्रमाणे दाटीने बसतात आणि थंडी पडताच घट्ट होतात. करडईतली मेदाम्ले असंपृक्त. त्यांच्या काडीला मध्येच बाक असतो आणि बाकदार काड्या जवळ बसूच शकत नाहीत. पेशी हेच तंत्र वापरते. उत्तरेच्या बर्फात चालणाऱ्या रेनडिअरच्या पायांत, खुरांकडे जावे तसतसे बाकदार मेदाम्लांचे प्रमाण वाढत जाते, कारण थंडगार खुराजवळचा मेदही गोठून चालणार नसतो.

आता तुमच्या यजमानांचा अर्धा भाग. शरीर बनवून घेते, हे खरे आहे. भातभाकरीतल्या पिठूळ भागापासून यकृत पामिटिक आम्ल तयार करते, त्यापासून लांब साखळीची मेदाम्ले तयार होतात आणि एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्यांत एक बाकही घातला जातो. कढईतले तेल जसेच्या तसे पटलात जाऊन बसते असेही नाही. तेल म्हणजे एका ग्लिसरॉलला लटकलेली तीन मेदाम्ले. आतड्यात पित्त आणि विकरे त्यांचे तुकडे करतात, शरीर ते पुन्हा जोडते, लागेल तिथे पाठवते, आणि पटलातल्या संपृक्त-असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण आपल्या हिशेबाने बरेचसे कायम राखते.

परंतु या कारागिरीला एक मर्यादा आहे. मेदाम्लाच्या साखळीत नवव्या कार्बनच्या पुढे बाक घालणारे विकर मानवाकडे नाही, वनस्पतींकडे आहे. म्हणून लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले आपल्याला ताटातूनच घ्यावी लागतात. हा शोध मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने लावला. १९२९ साली त्यांनी उंदरांना बाकी सारे देऊन फक्त मेद काढून घेतला, तेव्हा उंदरांच्या शेपटीवर खवले आले, त्वचा फाटली, वाढ खुंटली. आणि लिनोलेइक आम्लाचे काही थेंब दिल्यावर ते सुधारले. त्वचेवर प्रथम परिणाम का दिसावा? कारण कातडीतून पाणी उडून जाऊ नये म्हणून जो मेदाचा लेप निसर्गाने दिला आहे, त्याच्या घडणीत लिनोलेइक आम्ल लागते.

हे वाचून घाबरू मात्र नका. तीन महिन्यांत तुमच्या घरातल्या कोणाचीही पटले ढासळलेली नाहीत. बर दांपत्याच्याच प्रयोगशाळेतल्या एका प्रौढ संशोधकाने पुढे सहा महिने जवळजवळ मेदरहित आहार घेऊन पाहिला, तरी त्याच्यात कमतरतेची लक्षणे दिसली नाहीत, कारण प्रौढ माणसाच्या चरबीत या मेदाम्लांचा मोठा साठा असतो. शिवाय तुम्ही भाकरी खाता. ज्वारीत थोडा आणि बाजरीत सुमारे ५ टक्के मेद असतो, त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. म्हणजे ज्याला तुम्ही ‘शून्य मेद’ म्हणता ते प्रत्यक्षात शून्य नाही. तेव्हा ‘पेशी कशाच्या होणार’ हा मुलीचा धाक तसा अवेळी आहे. माझी हरकत वेगळ्या गोष्टींना आहे.

पहिली हरकत ताटातल्या अदलाबदलीला. तेल काढले की उष्मांकांचा एक मोठा वाटा जातो, कारण मेदाच्या एका ग्रॅममधून ९ उष्मांक मिळतात आणि पिष्टाच्या एका ग्रॅममधून ४. पोट ती तूट भरून काढते, आणि बहुधा भात, पोहे, साबुदाणा, बिस्किटे यांनी भरून काढते. संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेद आला तर एलडीएल उतरते. त्याच जागी मैदा आणि साखर आली तर ट्रायग्लिसराइडे, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, वाढतात, चांगले म्हणवले जाणारे एचडीएल कमी होते आणि हृदयाच्या दृष्टीने हाती फारसे काही लागत नाही. फोडणी गेल्यापासून तुमच्या घरात महिन्याला तांदूळ किती जास्त लागतो, एवढे एकदा पाहा.

दुसरी हरकत त्या दोन खारींना, आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. खारी हाताला कोरडी लागते हे खरे, पण ती पदरापदराची होते कशामुळे? मैद्याच्या घड्यांमध्ये वनस्पती तूप किंवा मार्गारीन लावून ती लाटतात, ओव्हनमध्ये त्या मेदामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाफेने फुलतात. आज रात्री एक खारी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा आणि सकाळी कागद उजेडात धरा. जो पारदर्शक डाग दिसेल तो यजमानांना दाखवा, माझ्या पत्राची गरज उरणार नाही. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-मेदांतील ट्रान्स मेदाम्लांवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदाम्लांवर, २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण घट्ट मेद घट्ट राहायला सरळ काड्या लागतातच, त्यामुळे खारीतला संपृक्त मेद गेलेला नाही. चमचाभर गोड्या तेलाची फोडणी वर्ज्य आणि रोजच्या दोन खारी क्षम्य, हा हिशेब उलटा आहे.

एलडीएलचा प्रश्न पुन्हा मुलीच्या पटलापाशीच येऊन थांबतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. आपल्या पेशींच्या पटलात फॉस्फोलिपिडांच्या मधोमध कोलेस्टेरॉल बसलेले असते. ते शेपट्यांची वळवळ आवरते, पटल गळू देत नाही, आणि थंडीत त्याला गोठूही देत नाही. पित्तरस, कॉर्टिसोल, स्त्री-पुरुष संप्रेरके त्यापासूनच होतात. उन्हात त्वचेत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा कच्चा मालही त्याच घराण्यातला. हे इतके गरजेचे आहे की शरीर आहारावर विसंबून न राहता त्यातले बहुतेक स्वतःच तयार करते. (म्हणूनच शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे छापलेले पाहिले की मला हसू येते, वनस्पतीजन्य तेलात ते नावापुरतेच असते.) अडचण होते ती वाहतुकीत. कोलेस्टेरॉल रक्तातून एलडीएल नावाच्या कणांत फिरते आणि यकृताच्या पेशी ते कण आपल्या पटलावरच्या विशिष्ट ग्राही प्रथिनांनी पकडून आत ओढतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले ते ह्याच ग्राहींच्या शोधातून. संपृक्त मेद जास्त झाला की हे ग्राही कमी पडतात आणि कण रक्तातच रेंगाळून धमन्यांच्या भिंतीत शिरतात. डॉक्टर सहसा देतात त्या स्टॅटिन गोळ्या यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात, मग यकृत आपली गरज भागवायला जास्त ग्राही पटलावर मांडते आणि रक्तातले एलडीएल उतरते.

गोळी आणली असे तुम्ही लिहिले आहे. ती घेतली जाते की नाही हे लिहिलेले नाही. घेतली जात नसेल, तर उकडलेल्या भाजीच्या भरवशावर ती परस्पर बंद ठेवू नये. डॉक्टरांशी उघड बोलावे आणि ते सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासावे. यजमानांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत कोणाला ऐन पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण काही घरांत हे ग्राहीच आनुवंशिक दोषाने कमी असतात आणि तिथे पथ्य एकटे पुरत नाही.

मुलीच्या केसांबद्दल मी तेलावर खापर फोडणार नाही. केस गळण्याचे कारण घडून गेल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी ते गळू लागतात, त्यामुळे एकूण जेवण अचानक कमी झाल्याचा तो परिणाम असू शकतो. पण या वयाच्या मुलींत लोहाची कमतरता आणि थायरॉइड ही कारणे इतकी सर्रास आढळतात की हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी. तिची पाळी नियमित येते का, हेही विचारा. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि शरीरात साठा पुरेसा आहे हा निरोप त्याच्याद्वारे मेंदूला देतात. साठा फार घटला तर मेंदू सर्वांत आधी पाळीचा खर्च वाचवतो. अभ्यासाच्या वयात मेंदूचा विचारही केला पाहिजे. मज्जातंतूंभोवती मायलिनचे वेटोळे असते आणि पाणी वगळता त्याचा ७० ते ८० टक्के भाग मेदाचा असतो; त्यामुळे संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावू शकतो, तो नसलेल्या तंतूत एखाद-दुसरा मीटर जेमतेम जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला बावन्न वर्षांच्या बाबांचे पथ्य लावणे म्हणूनच चूक आहे.

सासूबाईंचा तर यात काहीच दोष नाही. सांध्यातले वंगण तुपाचे नसते, त्यामुळे कुरकुरीचा संबंध तुपाशी लावता येणार नाही. पण कोरडी भाकरी गिळवत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, कारण वयाबरोबर लाळ कमी होते. या वयात भूक थोडी असते, तेव्हा थोड्या घासांत जास्त उष्मांक देणारा पदार्थ लागतो, आणि तो मेदच आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात; नुसत्या उकडलेल्या गाजरातले कॅरोटीन बरेचसे वाया जाते, त्यावर अर्धा चमचा तेल पडले तर अंगी लागते.

आता मापाचे बोलू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला २० आणि पुरुषाला २५ ग्रॅम दिसणारा मेद, म्हणजे वरून घातलेले तेलतूप, सांगितलेला आहे. अंगमेहनत असेल तसा तो वाढतो. २० ग्रॅम म्हणजे चहाचे साडेचार चमचे. चौघांसाठी महिन्याला दोन लिटर तेल काढून ठेवा, बाटलीवर आठवड्याच्या रेघा मारा आणि बाकीचे कूट, खोबरे आणि तुपासाठी सोडा. भाजीला फोडणी एक चमचा पुरे; हिंग, मोहरी, हळद यांचा वास आणि रंग तेलातच उतरतो, पाण्यात नाही. शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापरा. लाकडी घाण्याचे घ्यावे का, असे पुष्कळजण विचारतात. चव आवडत असेल आणि किंमत झेपत असेल तर जरूर घ्या, पण घाणा बदलल्याने मेदाम्लांचे प्रमाण बदलत नाही. दाण्याच्या कुटावरची बंदी मात्र आजच उठवा. दाण्यात निम्म्याजवळ तेल असले तरी त्यातले बहुतेक असंपृक्त आहे, आणि शाकाहारी घरात ते प्रथिनांसाठीही हवे. ओले खोबरे यजमानांच्या ताटात चिमूटभर, इतरांना आवडीप्रमाणे.

करडई आणि शेंगदाण्यातून लिनोलेइक आम्ल मिळते, पण अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ मिळत नाही. मासे न खाणाऱ्या घरात तीच खरी उणीव असते. त्यावर जवसाची चटणी हा आपल्याकडचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. जवस मंद भाजून, लसूण-मिरची-मिठाबरोबर कुटून ठेवा. अख्खे दाणे न पचता निघून जातात म्हणून कुटणे आवश्यक आहे, आणि कुटलेली चटणी लवकर खवट होते म्हणून ती आठ-दहा दिवसांपुरतीच करावी. एक मोठा चमचा पुडीतून सुमारे दीड ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारे डीएचए नावाचे मेदाम्ल शरीर त्यातून तयार करते, मात्र अगदी थोडे. म्हणून ही चटणी सणावारी नव्हे, रोजच्या ताटात हवी, चौघांच्याही.

राहिली फडताळातली बरणी. तुपातला निम्म्याहून जास्त मेद संपृक्त असतो, त्यामुळे यजमानांनी ते सध्या सणापुरते ठेवावे. मुलीला वरणभातावर एक चमचा चालेल. सासूबाईंना भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून वर एक चमचा तूप घालून द्या, आणि बरणी त्यांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर आणून ठेवा.